दुहेरी सावली

मित्रांनो, मी द्राक्षबागेतली एक जुनी जाळी आहे. वेलींना सावली देते. लोक मला शेडनेट म्हणतात. अंगाला भोकंच भोकं आहेत म्हणून हसू नका, भोकं हाच माझा धंदा आहे.

कारखान्यात विणली गेले आणि गुंडाळी होऊन या बागेत आले. इथली द्राक्षं वाइनसाठी पिकतात. त्यांच्यात नुसती गोडी असून भागत नाही, सुवास लागतो. सकाळचं कोवळं ऊन तो सालीत भरतं आणि दुपारचं कडक ऊन तो उडवून टाकतं. म्हणून मला वेलींच्या मावळतीच्या बाजूला बांधतात. "जाळीने यंदा लाज राखली," असं काकू म्हणाल्या की मी फुगायचे. बाग काकांची, पण नाक काकूंचं! त्यांनी मणी चावून मान डोलावली की मगच तोडणी सुरू व्हायची.

मागच्या हिवाळ्यात काकूंना ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. दूध करपलं तरी त्यांना कळेना. हळूहळू त्यांनी बागेत येणंच सोडलं. मला फार वाईट वाटायचं.

डॉक्टर म्हणाले, "ओळखीचे वास देत राहा. येईलही परत." काकांनी हे मनावर घेतलं आणि घरालगतची वेलींची एक ओळ काकूंसाठी राखली. ऊन तापू लागलं तसा त्यांचा जीव वरखाली होऊ लागला. सुवास उडाला तर? त्यांनी मला दुहेरी केलं आणि वेलींवरून दोन्ही बाजूंना सोडलं. अति तेथे माती, हे मला कळत होतं, पण जाळीचं कोण ऐकतो! वेलींना सकाळचं ऊनही मिळेना.

द्राक्षं पिकल्यावर काकांनी काकूंना हाताला धरून आणलं. काकूंनी मणी चावला. त्यांचं तोंड वाकडं झालं.

"अहो, हे काय करून ठेवलंत? ढोबळी मिरचीसारखा वास मारतोय! ऊन दाखवलंत की नाही वेलींना?"

 काकांचे डोळे भरून आले. काकू मध्येच थांबल्या आणि त्यांनी दुसरा मणी फोडून नाकाशी नेला.

मित्रांनो, तोडणी झाली की मला धुऊन, वाळवून ठेवा, कोपऱ्यात कोंबू नका. आणि ज्याच्यावर जीव आहे त्याला जपा, पण थोडं ऊन लागू द्या. यंदा काका मला एकेरीच बांधतात. काकू शेजारी उभ्या राहून सांगतात, "उगवतीकडून वर घ्या, अजून वर. सकाळ आत येऊ दे."