पाखऱ्याच्या शिंगातला कौल

उत्रोलीत चंद्राबाईंच्या गोठ्यापुढे गर्दी मावत नव्हती. त्यांच्या पाखऱ्या बैलाचे शिंग टेम्पोला धडकून बुडापासून मोडून तिथे भोक पडले होते, आणि त्या भोकातून देव श्वास घेतो, असे गेनू महाराजांनी जाहीर केले होते. शेजारचा धनाजी भोकावर कापसाचा पुंजका चिमटीत धरी. पुंजका फडफडला की कौल 'होय'. निपचित राहिला की 'नाही'. पावित्र्यासाठी बैलाचे तोंड भगव्या उपरण्याने झाकलेले असे आणि त्यावर महाराजांचा हात मायेने विसावलेला असे. ही माया प्रश्नाप्रमाणे कमीजास्त होई.

"म्हाराज, शिंगातनं पू गळतोय. वैरणीला त्वांड लावीना," चंद्राबाई काकुळतीने म्हणाल्या. "डॉक्टरकडनं पट्टी बांदून घिऊ का?"

पुंजका हलला नाही.

"देवाचा श्वास कोंडशील, तर कुळाचा श्वास कोंडंल!" महाराज गरजले.

पशुवैद्यक डॉ. प्रेरणा गर्दीतून पुढे आल्या. "एक कौल मी लावू?"

"लावा की! देव उत्तर दील, तवा खरं."

डॉक्टरांनी उपरण्याखाली हात सरकवला. "देवा, गेनू महाराज खरं बोलतात का?" पुंजका निपचित. "पट्टी बांधावी का?" पुंजका धनाजीच्या चिमटीतून निसटून महाराजांच्या मिशीवर विसावला.

"आयला! देव म्याडमला पावला!" धनाजीने लगेच त्यांच्या पायाशी नारळ ठेवला.

"नारळ उचला." डॉक्टरांनी उपरणे ओढले. खाली त्यांच्या बोटांत बैलाच्या नाकपुड्या होत्या. "बैलाच्या कपाळातली हवेची पोकळी शिंगाच्या हाडात शिरते आणि खाली नाकात उघडते. नाक दाबलं, की उच्छ्वास मोडक्या शिंगातून निघतो. त्याच भोकातून घाण आत गेली. पू त्याचाच आहे. घोड्याच्या कपाळातही पोकळी असते, पण त्याला शिंग नाही. म्हणून तो अजून देवपणातून सुटलेला आहे."

"मान्साला बी आसती?" धनाजीने विचारले.

"असते. सर्दीत कपाळ ठणकतं, ते तिथंच."

"म्हंजी माजं डोस्कं पोकळ?"

"थोडंसं. सगळ्यांचंच."

हशा उसळला. चंद्राबाई हसल्या नाहीत. "आन कुळाचा श्वास?"

"माझ्यावरही विश्वास ठेवू नका. स्वतः दाबून बघा."

धनाजीने पुंजका पुन्हा भोकावर धरला आणि चंद्राबाईंनी पाखऱ्याचे नाक दाबले. पुंजका फडफडला. सोडले, तो थांबला. पुन्हा दाबले, पुन्हा फडफडला. महाराज उपरणे शोधू लागले.

"आता पट्टीचं इचार की, काकी!" धनाजी म्हणाला.

"कुणाला इचारू? नाक तर माज्याच हातात हाय." त्यांनी बैलाच्या मानेवर हात फिरवला. "बाई, तुमी बांदा."

कौल मागणाऱ्याने एवढे तरी करावे: आधी उपरणे उचलून पाहावे.