वर्नेटाची रिकामी जागा

त्या काळी शिकागोच्या दक्षिण भागात कॅप्टन होलिसच्या बँडचं घर ठाऊक नाही असं माणूस सापडलं नसतं. नऊ वादक एकाच छताखाली राहत आणि सकाळपासून तालीम करत. आपल्या काळ्या माणसांना एकदा गुलाम करून जहाजात कोंबून आणलं, आता दुसरं जहाज आपणच बांधायचं आणि ताऱ्यांकडे निघायचं, असं कॅप्टन सांगे. ते अंगावर येणारं, विचित्र जॅझ ऐकता ऐकता गल्लीला ते पटेही. बायकांनी जुन्या पडद्यांचे सोनेरी झगे शिवून दिले. लाँड्रीत राबणारी इमोजीन तर मुकादमाला तोंडावर सांगून आली होती की, इथं मी थोड्या दिवसांची पाहुणी आहे.

वर्नेटाचा जीव मात्र त्या घरात गुदमरत होता. सात वर्षं ती बास क्लॅरिनेट वाजवत होती. तालीम कधी संपणार ते कॅप्टन ठरवी, बाहेर कुणी केव्हा पडायचं तेही तोच. दूरच्या डेटन शहरातल्या एका शाळेनं तिला संगीत शिकवायला बोलावलं होतं, मंगळवारी हजर व्हायचं होतं. हे तिनं फक्त इमोजीनला सांगितलं होतं. अडचण अशी की कॅप्टन वाद्यासाठी लिहीतच नसे, माणसासाठी लिही. कागदावर वर नाव असे: वर्नेटा. ते माणूस नसेल तर सुरावटीतली त्याची जागा कुणी भरायची नाही, सगळ्यांनी गप्प राहायचं. सोडून गेलेल्या दोघांच्या जागा अजून तशाच रिकाम्या होत्या. वाजवताना त्या आल्या की कॅप्टन डोळे मिटून घेई. तिसरं भोक आपण पाडणार, या विचारानं ती भरलेली बॅग दर वेळी पुन्हा रिकामी करी.

रविवारी दुपारी चर्चच्या तळघरात कार्यक्रम होता. ओठ फुटलाय असं सांगून तिनं वाजवणं टाळलं आणि ती पुढच्या रांगेत जाऊन बसली. आपल्यावाचून कसं होतं ते तिला एकदा बघायचं होतं. तिची जागा आली. बँड थांबला.

तेवढ्यात मागून कुणीतरी गुणगुणायला लागलं. इमोजीन होती. उन्हाळाभर उघड्या खिडक्यांतून ऐकून ती वाकडीतिकडी सुरावट तिला पाठ झाली होती. शेजारणीनं सूर धरला, मग अख्ख्या रांगेनं. एका ठिकाणी चुकल्या, पण सगळ्या मिळून चुकल्या.

कार्यक्रम संपल्यावर कॅप्टन रागावला नाही, याचीच वर्नेटाला जास्त धास्ती वाटली. त्यानं खिशातून नव्या सुरावटीचं लिखाण काढलं. तीन पानं, वर तिचंच नाव.

"उद्यापासून बसवू," तो म्हणाला.

"इमोजीनचं नाव घाला, कॅप्टन."

"लाँड्रीवाली? तिला काय वाजवता येतं?"

"आत्ता ऐकलंत की."

इमोजीन खुर्च्या आवरत होती. तिथूनच म्हणाली, "जा गं बाई तू. सात वर्षं हे तुला ताऱ्यावर नेतायत. डेटनला निदान बस तरी जाते."

कॅप्टननं कागद खुर्चीवर पसरला. मग त्यानं पेन्सिल मागितली. वर्नेटानं आपली दिली. त्यानं तिच्या नावावर सावकाश रेघ ओढली. रेघ पुरी होईस्तोवर ती थांबली, आणि मग पायऱ्या चढून उन्हात गेली.