डोईवरची माती

"घे म्हादू. डोईवर घे नि चाल," सावरखोलचा कुशाबा म्हणाला.

त्याच्या ओंजळीत ओल्या मातीचं ढेकूळ होतं आणि सदऱ्याच्या बाहीवर विनीतचं, त्याच्या पोराचं, सुकलेलं रक्त. काल संध्याकाळी पाचवण्याच्या पोरांनी विनीतचं मनगट पहारीनं ठेचलं होतं. त्याच्या आदल्या दिवशी सावरखोलच्या पोरांनी पाचवण्याच्या भागोजीच्या पुतण्याचा कान कोयत्यानं उतरवला होता. आज दोन्ही गावं दरडीवर समोरासमोर उभी होती, बायकासुद्धा पदरात दगड घेऊन. आणि मधे झरा, आपला खुळखुळत, जसं काही त्याचं कुणाशी काही नातंच नाही.

मागच्या पावसात डोंगर सरकला होता. सावरखोल आणि पाचवण्याच्या मधली शीव, तिचे बांध, खुणेची झाडं, शेंदूर फासलेले धोंडे, सगळं पोटात घेऊन तो खाली आला. जिथं थांबला तिथं त्याच्यातून पाणी फुटलं. चैत्र सरला तरी ते आटलं नाही. मग पाणी कुणाच्या हद्दीतलं? मोजणीवाले आले, यंत्र लावून गेले. पण जी खूण धरून मोजायचं ती खूणच जागेवर नव्हती. त्यांनी आखलेली रेघ दोन्ही गावांनी पायांनी पुसली. मग कुणा म्हाताऱ्याला आठवलं, की पूर्वी शिवेचा तंटा झाला की बौद्धवाडीतल्या महादूच्या घरातला माणूस डोक्यावर माती घेऊन चालायचा. तो चालेल ती शीव. खोटा चालला तर भुई त्याला गिळते.

महादू वीर स्टेशनवर रिक्षा चालवायचा. सकाळच्या गाडीला निघाला होता, तर पाच-सहा जणांनी हँडलच धरलं आणि त्याला खेचत इथं आणलं. खाकी सदरा खांद्यात उसवला होता. मागोमाग त्याची सून दीप्ती धावत आली, अंगणवाडीच्या किल्ल्या हातात तशाच.

"मला ठाव नाय शीव," महादू म्हणाला.

"आरे, तुज्या बापाला ठाव होती!"

"बापाला होती. मला नाय."

"रक्तातच असते ती," पलीकडून भागोजी ओरडला. "तुमचा मान हाय तो. आमी कवा काडून घेतला?"

"काय काय काढून घेतलंत ते सांगायला बसू का?" दीप्ती म्हणाली.

"तू गप गो! बापयमानसांत तोंड नको घालू."

"तुमची नातवंडं अंगणवाडीत माझ्या हातचं जेवतात, तेव्हा नाय कुणी गप म्हणत."

भागोजीच्या मागं कुणीतरी फिसकन हसलं. हसणाऱ्याच्या पाठीत काठी बसली, त्याच्याच गावच्या माणसाची.

मान! महादूचा बाप म्हणायचा, "मान त्यांचा, नि मोडते ती आपली मान." बापाची मान नव्हती मोडली, हात मोडला होता. तरणा असताना तो एकदा असाच चालला होता. खरा चालला. हरलेल्या गावानं त्याला परतताना ओढ्यात गाठलं, कोपर दगडावर ठेवलं आणि वरून दुसरा दगड टाकला. जिंकलेलं गाव काठावर उभं राहून बघत होतं. तो हात जन्मभर कोयत्यासारखा वाकडा राहिला. आई जात्यावर बसली की तिच्या गळ्यातून आपसूक यायचं:

माती डोईवरी, कंथ शिवंला चालला
गाव दोन्ही गो राखिले, हात त्याचाच मोडला

पुढं धम्म घेतला तेव्हा बापानं घरातले देव ओढ्याला सोडले, आणि देवांसोबत शीवही सोडली. लहानग्या महादूला खांद्यावर बसवून तो सगळं रान दाखवायचा. इथं करवंदं, तिथं मधाचं पोळं, त्या कपारीत साळिंदर. शीव आली की वाकडा हात पोराच्या डोळ्यांवर यायचा. "मीट डोळे." पलीकडं गेलं की, "उघड."

"काय होतं तितं, बा?"

"काय नाय. उंद्या कुनी इचारलं तर तुला खोटं बोलायला लागू नाय."

कुशाबा अगदी जवळ आला. तंबाखूचा वास महादूच्या तोंडावर आला.

"त्या काळ्या कातळाला धरून चाल," तो दबक्या आवाजात म्हणाला. "झरा आमच्यात येतो. तुमच्या वाडीला पयला नळ. माजी जबान."

महादूची नजर दीप्तीकडं गेली. तिच्या टाळूवरचे केस हंड्यांनी विरळ झाले होते. वाडीतल्या सगळ्याच बायकांचे झाले होते. चालायला असं काय लागत होतं? खरी शीव इथं कुणालाच ठाऊक नव्हती. त्याचं पाऊल पडेल ती खरी. पाणी दारात येणार होतं.

आणि हरलेलं गाव? ते झऱ्यापाशी भांडायला येणार नव्हतं. ते ओढ्यात थांबणार होतं. आणि अंगणवाडीची वाट ओढ्यातूनच जात होती.

त्यानं ढेकूळ हातात घेतलं. माती थंड होती, चांगली, भाताची माती. त्यानं ती पुन्हा कुशाबाच्या ओंजळीत ठेवली.

"दादा, डोई तुमाला पन हाय."

"काय बोलतोस?"

"पानी तुमाला पायजे, तर माती तुमी घ्या. एक ढेकूळ भागोजीला द्या. तो तिकडून, तुमी इकडून चाला. जितं टाळकी आपटतील तितं शीव."

पहिला घाव कुठल्या गावचा होता ते कुणालाच कळलं नाही. फावड्याचा दांडा होता. महादू गुडघ्यांवर आला, मग तोंडावर. मग लाथा. सावरखोलच्या लाथा होत्या आणि पाचवण्याच्याही; कितीतरी दिवसांनी दोन्ही गावं एका बाजूला झाली होती. दीप्ती त्याच्या अंगावर पडली, तिच्या पाठीत धोंडा बसला. कुणाचं तरी मनगट तिनं दातांत धरलं ते हाडाला लागेतो सोडलं नाही.

"मेला! मेला तो!" एक बाई किंचाळली.

तेव्हा हात थांबले. वाडीतले चौघे धावत आले होते. त्यांनी महादूला घोंगडीत घातलं आणि दरडीच्या माथ्यावरून झऱ्याच्या अंगानं खाली रस्त्याला नेलं. घोंगडीच्या कोपऱ्यातून रक्त ठिबकत राहिलं. सकाळपासून तिथंच उभ्या असलेल्या रिक्षाला दीप्तीनं किक मारली. तिनं कधी चालवली नव्हती. महाडच्या दवाखान्यापर्यंत तिनं ती पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच रडवत नेली.

टाके पडले. डावा कान जो बंद झाला तो झालाच. पोलीस येऊन विचारून गेले, कुणी मारलं? त्यानं दोन्ही गावांची नावं सांगितली. साहेब म्हणाले, गावाला अटक होत नसते.

परत आला तेव्हा रस्त्यावरूनच त्याला ती रेघ दिसली. दरडीच्या माथ्यापासून खालपर्यंत चुना फासलेले धोंडे, एकामागं एक. एका धोंड्यावर कुशाबा आणि भागोजी शेजारी शेजारी बसून एकाच चंचीतला तंबाखू मळत होते.

"ये म्हादू, ये!" भागोजी उठून म्हणाला. "बग, मिटला तंटा. तू नाय म्हनालास, पन तुजं रगत बरोबर चाललं. ठिपका ठिपका धरून धोंडे लावले. झरा मदोमद आला, अर्धा त्यांचा, अर्धा आमचा."

"नि वाडीचा?"

"तुमचं बी बगू की."

कुशाबानं तंबाखूची चिमूट पुढं केली. महादूनं ती घेतली नाही.

तो चढ चढून सगळ्यांत वरच्या धोंड्याशी गेला आणि वाकला. टाके ताणले. पट्टीवर लाल ठिपका उमटला.

"हात नको लावू त्याला!" खालून आवाज आला. दोन्ही अंगांनी माणसं गोळा होऊ लागली, हातात मिळेल ते घेऊन.

धोंडा डोक्यावर घेतला असता तर हलका गेला असता. महादूनं तो पोटाशी धरला, तान्ह्या मुलासारखा, आणि धापा टाकत वाडीत आणला. न्हाणीत ठेवला. दीप्तीनं त्यावर तांब्या ओतला. चुना पांढरा ओघळ होऊन मोरीत गेला.

"अंगोळीला बसायला बरा हाय," महादू म्हणाला.

मग तो पुन्हा वर गेला. रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन्ही गावं उभी होती. त्यांच्यामधून वाट काढत तो दुसऱ्या धोंड्यापर्यंत पोचला, उसवलेली बाही वर सारली, आणि वाकला.