तीन मुद्दे

मुलीच्या विद्यापीठात म्हणे बोलायला शिकवतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलोच. घरात जिच्या तोंडाला दिवसभर विसावा नसतो, तिला बोलायला शिकवण्यासाठी वेगळा वर्ग कशाला? पण असतो. उभं कसं राहायचं, हात कुठे ठेवायचे, कुठे थांबायचं, सगळं शिकवतात. सत्राच्या शेवटी तिला एक काम दिलं होतं. ज्याने जन्मात कधी भाषण केलेलं नाही अशा माणसाला तयार करायचं, त्याचं भाषण मोबाइलवर टिपायचं आणि वर्गात सगळ्यांना दाखवायचं. त्यावर मार्क. माझी निवृत्ती नेमकी त्याच सुमारास आली. तिला बकरा घरातच सापडला.

मी रुग्णालयाच्या धुलाईघरात होतो. वॉर्डावॉर्डातून चादरी, गाऊन, ऑपरेशनची हिरवी कापडं यायची. ती धुऊन, इस्त्री करून, गाठोड्यावरची चिठ्ठी बघून ज्याची त्याला परत जायची. शेवटची बरीच वर्षं मी तिथला मुकादम. आमच्याकडे निवृत्त होणाऱ्याने घड्या घालायच्या मोठ्या टेबलापाशी उभं राहून बोलायचं असतं. भाषण कसलं, नावं घ्यायची. एकेकाचं नाव, एकेकाची खोडी, एकेकाचे उपकार. ज्याचं नाव येईल त्याने टेबलावर थाप मारायची. यातून साहेबसुद्धा सुटत नाहीत.

माझी नावं तयार होती. सगळ्यात शेवटचं ताईंचं.

ताई कपडे निवडायला होत्या. मी कामाला लागलो तेव्हा मला वाचता येत नव्हतं. चिठ्ठी उलटी धरली तरी कळलं नसतं. अंदाजाने गाडा ढकलायचो, आणि एकदा बाळंतिणींच्या चादरी गेल्या हाडांच्या वॉर्डात. ताईंनी बोभाटा केला नाही. जेवणाच्या सुट्टीत मला इस्त्रीच्या टेबलापाशी बोलावलं आणि ओल्या बोटाने एक अक्षर काढलं. टेबल गरम असायचं. कुणी आत येईपर्यंत अक्षर वाळून गेलेलं असायचं. असं करत करत त्यांनी मला वाचायला शिकवलं आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. त्या वाचण्यावरच मी मुकादम झालो. घरी मात्र मी सातवी शिकलेला आहे. बायकोलाही तेच माहीत आहे.

ताई निवृत्त झाल्या त्या दिवशी फाटकाशी मी त्यांना म्हणालो होतो, "माझ्या निरोपाला नक्की या. त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगणार आहे."

"बघू," त्या म्हणाल्या होत्या. "तोंड उघडशील तेव्हा खरं."

तर मुलीने मला बैठकीच्या खोलीत उभं केलं आणि मी नावं सुरू केली. इस्त्रीवरचा तो वाफ्या, फाटलेलं शिवणारा तो टाचणी. थोडी झाली नाहीत तोच तिने हात वर केला.

"बाबा, ही काय हजेरी आहे? माणसं झोपतील. तीन मुद्दे घ्या. कष्ट, शिस्त, सहकार्य."

"अगं, आमच्याकडे नावंच घेतात."

"घेऊ देत. तुम्ही वेगळं करा. आणि आमच्या वर्गात कुणाला माहीत आहेत तुमचे वाफ्या आणि टाचणी?"

वर्गात, हा शब्द मी तेव्हा कुठे नीट ऐकला. म्हणजे हे विद्यापीठात मोठ्या पडद्यावर दिसणार. तिच्या सरांसमोर, मैत्रिणींसमोर हिचा बाप सांगणार, मला अक्षर ओळखता येत नव्हतं. मी तिला पुन्हा अडवू शकलो असतो. ऐकणारी पोर आहे. कारण सांगितलं असतं तर तिनेच म्हटलं असतं, बाबा, हेच बोला. मी कारण सांगितलं नाही. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. नावं गेली, त्यांच्याबरोबर ताईही गेल्या, आणि कात्री मुलीच्या हातात होती.

मग मी हुरळलोच. कपाटाच्या आरशासमोर "मित्रहो" म्हणून थांबायचो, साहेबासारखी मान फिरवायचो. बायको म्हणाली, "आता त्या आरशालाच टाळ्या वाजवायला शिकवा."

निरोपाच्या दिवशी यंत्रं बंद करून सगळे टेबलाभोवती जमले. मुलगी कोपऱ्यात मोबाइल धरून उभी. आणि अगदी समोर, कुणीतरी ओढून दिलेल्या खुर्चीवर, ताई. या वयात बस बदलून एकट्या आल्या होत्या. त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली आणि उजवा हात टेबलावर आणून ठेवला.

मी बोललो. चांगला बोललो. शिकवल्याप्रमाणे नजर सगळीकडे फिरवली; ताईंपाशी आली की जराशी वरून नेली. कष्ट झाले, शिस्त झाली. "आता आपल्याला धुणार," असं म्हणत वाफ्याने टाचणीला कोपर मारलं आणि दोघं हात सरसावून बसले. सहकार्य आलं. "आपण सर्वांनी," असं म्हणून मी सगळ्यांना एकाच गाठोड्यात बांधून टाकलं. मुलीने दिलेल्या कार्डावरचं शेवटचं वाक्य वाचलं आणि धन्यवाद म्हटलं.

संपलं हे कुणाला कळलंच नाही. मग साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून बाकीच्यांनी वाजवल्या. टेबलावर एकही थाप पडली नाही. ताईंचा हात अजून तिथेच होता. तो त्यांनी हळूच उचलला आणि त्याही टाळ्या वाजवू लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अजूनही वेळ होती. थांबा, एक राहिलं, एवढंच म्हणायचं होतं. पण मोबाइल माझ्यावर रोखलेला होता आणि मुलगी अंगठा वर करून हसत होती. मी खाली बसलो.

पांगापांग झाल्यावर ताई काठी टेकत माझ्यापाशी आल्या. आता चार शब्द सुनावतील असं वाटलं. सुनवावेत, अशीच माझी इच्छा होती.

"छान वाचलंस रे," त्या म्हणाल्या. "कुठे अडखळला नाहीस."

हा टोमणा असता तर मी निभावून नेला असता. पण त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते.

एवढ्यात मुलगी धावत आली आणि मला बिलगली. "बाबा, एकदम मस्त! सर जाम खूश होणार." मग तिचं लक्ष गेलं. "या कोण?"

मोबाइल तिने केव्हाच पिशवीत टाकला होता. साहेब निघून गेले होते. आम्ही तिघंच होतो, आणि माझी पोर मला साधा प्रश्न विचारत होती.

"या ना," मी म्हणालो, "पूर्वी इथेच होत्या कामाला."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मुलीच्या गालावरून हात फिरवला.

"हो गं," त्या म्हणाल्या. "मी कपडे निवडायला होते. तुझा बाबा मात्र पहिल्यापासूनच हुशार."