हिरव्या कंपनीचे तीन शेअर

माझ्या भावाने मला खेळात कधी फसवलं नव्हतं. खेळाबाहेरही नाही. हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही त्याला वाईट समजाल.

रविवारी सकाळी सिद्धेश खेळाचा खोका घेऊन मालाडहून माझ्याकडे नाहूरला आला, तेव्हा मिथुन माझं डायनिंग टेबल पुसून तयार होता. मिथुन माझ्याच ऑफिसातला. महिन्यातून एकदा आम्ही तिघं हा रेल्वे कंपन्यांचा खेळ मांडतो. सहा-सात तास चालतो. फासे नसतात, त्यामुळे नशिबाच्या नावाने बोटं मोडायची सोय नाही. कंपन्यांचे शेअर घ्यायचे, नकाशावर रूळ टाकायचे, इंजिनं विकत घ्यायची. ज्याच्याकडे सर्वांत जास्त शेअर, तो त्या कंपनीचा संचालक. कंपनीकडे इंजिन नसेल आणि पैसाही नसेल, तर संचालकाने स्वतःच्या खिशातून इंजिन घ्यायचं. याहून जास्त समजावलं की लोक जांभया देतात, म्हणून थांबते.

आतल्या खोलीत आई होती. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून ती तीन महिने माझ्याकडे आणि तीन महिने सिद्धेशकडे असते. त्याच दिवशी एक तारीख होती; खेळ संपला की सिद्धेश तिला मालाडला नेणार होता आणि दुसऱ्या दिवशी मी नाशिकला निघणार होते, दोन महिन्यांच्या ट्रेनिंगला. ते केल्याशिवाय आमच्याकडे ब्रँच मॅनेजर करत नाहीत. आधी दोनदा मी नाही म्हटलं होतं, तिसऱ्यांदा विचारलं हेच नवल. आईची बॅग गुरुवारीच भरून दाराशी ठेवली होती. घाई मलाच होती, खोटं कशाला बोलू.

खेळातली हिरवी कंपनी सिद्धेशची. सहा शेअर त्याचे, तीन माझे. मला त्यांचा काही उपयोग नव्हता, धाकट्या भावाची कंपनी म्हणून घेतले होते.

"मॅडम, माया करून शेअर घेऊ नका," मिथुन म्हणालाही होता.

जेवणानंतर सिद्धेशने आपल्या दुसऱ्या कंपनीसाठी मोठं इंजिन घेतलं. मोठं इंजिन आलं की जुनी सगळी भंगारात, असा नियम आहे. हिरव्या कंपनीकडे एकही इंजिन उरलं नाही, आणि तिची तिजोरी त्याने आधीच रिकामी केली होती. पुढे काय होणार ते मला तेव्हाच दिसलं. पण शेअर विकायची पहिली संधी त्याची होती.

"पाच विकतो," तो म्हणाला.

बाजारात एका कंपनीचे पाचच शेअर मावतात. तेवढी जागा भरली की बाकीच्यांना एकसुद्धा विकता येत नाही. त्याच्याकडे एक राहिला, माझ्याकडे तीन. संचालकाचं कार्ड त्याने माझ्यापुढे सरकवलं. आता हिरव्या कंपनीचं इंजिन माझ्या खिशातून.

"वाट लागली," मिथुन म्हणाला.

"झकास खेळलास रे," मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. एरवी असं काही जमलं की सिद्धेश टाळीसाठी हात पुढे करतो. आज तो नकाशाकडेच बघत राहिला.

"ताई, एक सांगायचं होतं."

"सांग ना."

"प्रियंकाची आई पडली. खुबा मोडलाय. पंधरा दिवस झाले. आमच्याकडेच आणलंय त्यांना, आतल्या खोलीत."

"आणि आई?"

"जागा कुठेय गं? प्रियंका एकटी दोघींना कशी उचलणार? रोज ठरवत होतो तुला फोन करायचं."

मिथुनला माझ्या ट्रेनिंगचं ठाऊक होतं. तो उठून चहा ठेवायला गेला.

पंधरा दिवस. सिद्धेशला हाणायला मी एखादं वाक्य शोधलं, मिळेना. प्रियंकाची आई काही हौसेने पडली नव्हती. प्रियंका एकुलती एक. मी चोवीस तासांची बाई ठेवली होती, ती आठवड्यात पळाली, हेही त्याला ठाऊक होतं. ज्याच्यावर चिडावं असं माणूसच सापडत नव्हतं आणि त्याचाच मला भयंकर राग आला.

"सिद्धा, येतंस काय रे?" आतून आईची हाक आली.

त्याला उठवेना. मीच बॅग उचलून आत गेले. आईने सकाळी हट्टाने माझ्याकडून तपकिरी साडी नेसवून घेतली होती, एरवी गाऊनवर असते. डाव्या हातात चष्म्याचं घर धरून ती पलंगावर तयार बसली होती. मी बॅगेची चेन उघडली आणि तिचे टॉवेल परत कपाटात ठेवायला लागले. ती बघत होती. आमच्या भिंतींतून सगळं ऐकू येतं. आता ती रडेल, नाहीतर मला तरी काही बोलेल, म्हणून मी मन घट्ट केलं.

"तेका बोला नको गो," ती म्हणाली. "बारको आसा तो."

बारको अडतीस वर्षांचा आहे.

"नाही बोलत," मी म्हणाले आणि तिचे ब्लाऊज घडी करून खणात लावले. माझी बॅगही भरलेलीच होती, तिच्या पलंगाखाली. ती तिला दिसू नये म्हणून मी पायाने आणखी आत सरकवली.