ज्वरहरण बाबाचा लोटा

“खुल्या आसमानाखाली रोग जिवंत राहत नाही!” केशोरीच्या तलावाच्या पाळीवरून ज्वरहरण बाबांनी गर्जना केली आणि लगेच पुढच्या सात जणांवर शिंकले. कोणी तोंड पुसलं नाही. प्रसाद कोणी पुसतं का?

साल १९१८. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीच्या तापानं घरोघरी खाटा भरल्या होत्या. बाबांचा उपाय सोपा. प्रत्येकानं पसाभर तांदूळ त्यांच्या अरुंद तोंडाच्या लोट्यात घालायचा. लोटा आपटून बाबा देवीला जागं करणार, तांदळात दहादा काठी खुपसणार, आणि काठी उचलताच तिच्यासोबत लोटा अधांतरी! लोटा उचलला, ताप उतरला. मग एकेकाच्या तोंडावर फुंकर.

“सटून खडे रहो! फट दिसली की मानमोडी शिरली!”

लोक खांद्याला खांदा भिडवत; थोडेच जण मागं चिंचेखाली विरळ उभे राहत. गेल्या मंगळवारी भोजराज पहिल्या रांगेत होता. शुक्रवारी तो तापला, रविवारी त्याची सहा वर्षांची शामकला. आज तिला कडेवर घेऊन तो खोकत पुढं सरकला.

“बाबा, पोरीले फुका.”

त्याची बायको जमुनाबाई आडवी आली. गावाचं धान ती कांडायची.

“काऊन आनलं जी तिले गर्दीत? घरी न्या!”

“देवीचा अपमान!” बाबा कडाडले. “लोटा काय मी उचलतो?”

“ठोकल्यानं उचलते, बाबा. दाबून भरला का दाना काठीले धरते. हे मी रोज पाहून राहिली. आज ठोकू नका. काठी एकदाच रोवा अन् उचला.”

“आज माता विश्राम करते आहे.”

“उचला ना जी!” मागून चिंचेखालचे ओरडले.

बाबांनी काठी एकदाच रोवून उचलली. काठी एकटीच वर आली. जमुनाबाईनं लोटा आपटला, काठी दहादा खुपसली, उचलली. मंत्राविना लोटा हवेत.

इथवर हसण्यासारखं आहे. पण गेल्या मंगळवारची पहिली रांग आठवा. रामलाल गेला. झामसिंग गेला. बिसरामच्या दोन्ही लेकी एकाच दिवशी. तेव्हा चिंचेखाली विरळ उभे असलेले मात्र आज ओरडायला शिल्लक होते. रोग आभाळ किती उघडं आहे ते बघत नाही, समोरचं तोंड किती जवळ आहे ते बघतो. जो माणसांना दाटीत उभं करून त्यांच्यावर फुंकतो, तो वैद्य नव्हे, मारेकरी आहे. त्याच्यापासून चार हात लांब राहायला मंत्र लागत नाही, अक्कल लागते.

पाळीवरचे लोक मागं सरकले, एकदम चार हातांचं अंतर पडलं. बाबा लोटा झोळीत टाकून निघाले. जमुनाबाईनं वाट अडवली.

“बाबा, माहा पसाभर तांदूळ ठेवून जा. पोरीले पेज कराची आहे.”