बांधावरची दाण्यांची पिशवी

मित्रांनो, पडेगावच्या एका छोट्या घरात खिळ्याला लटकलेली मळकी, रिकामी पिशवी दिसली, तर ती मी आहे. माझ्या वरच्या भिंतीवर तितराचा मोठा फोटो आहे. पाहुणे त्याच्याकडे बघतात, माझ्याकडे नाही. त्याचं मला दुःख नाही. दुःख आहे ते त्या फोटोचंच.

माझा जन्म जुन्या जीन्सच्या पायातून झाला. माझा मालक बद्रीनाथ कंपनीत कामाला, मूळचा पाचोडचा. त्याला पाखरांचे फोटो काढायचं वेड लागलं आणि साठवलेलं सगळं कॅमेऱ्यातच संपलं. आता कॅमेरा ठेवायला तीन पायांची तिवई घ्यावी की फ्लॅश, या घोळात तो होता. तेव्हा त्याचा मित्र श्रीनिवास म्हणाला, "तिवई राहू दे रे. एक जास्तीची बॅटरी घे, मेमरी कार्ड घे आणि दाण्यांची पिशवी शिवून घे. तुला बांधावर पालथं पडूनच फोटो काढायचेत ना?"

बद्रीनाथच्या आईनं, वच्छलाबाईंनी, मला दाभणानं शिवलं आणि घरची ज्वारी भरली. ते दिवस फार सुखाचे होते. लेन्स माझ्या अंगावर टेकली की त्याचा हात थरथरला तरी फोटो हलत नसे. "ही नसती तर माझं काही खरं नव्हतं," असं तो चारचौघांत सांगायचा. मी फुगायचे, आधीच भरलेली असूनसुद्धा!

पुढं ज्वारीला किडे लागले. बद्रीनाथनं ती ओतून दिली आणि पेरणीतून उरलेलं बाजरीचं गुलाबी बियाणं माझ्यात भरलं.

वच्छलाबाई ओरडल्या, "आरं, औषध लावल्यालं हाय ते! पुरून टाक."

"म्हणून तर किडा लागत नाय, माय. पिशवीतच ऱ्हाणार हाय, कोण खातंय?"

त्याच सुमारास माझी एका कडेची शिवण उसवू लागली. त्यानं ती पाहिली, बोट फिरवलं आणि शिवायचं काम पुढच्या सुट्टीवर ढकललं. त्या महिन्यात त्यानं लेन्सला झाडपाल्याच्या नक्षीचं कव्हर मात्र आणलं. नाकापेक्षा मोती जड! मला एक टाका हवा होता, मित्रांनो. पण पिशवीला तोंड असून बोलता येत नाही.

पाचोडच्या शेतात तितराची एक मादी पिल्लं घेऊन फिरायची. बद्रीनाथला तिचा जवळून फोटो हवा होता, पण ती चाहूल लागताच पिल्लांसकट गवतात शिरायची. एका सकाळी त्यानं मला बांधावर टेकवलं आणि माझ्या उसवल्या कडेतून दाणे उतारावर घरंगळू लागले. त्याचा डोळा कॅमेऱ्याला होता. मला मात्र एकेक दाणा जाताना कळत होता. मादी आली. अगदी समोर आली. पिल्लंही मागोमाग आली. बद्रीनाथ श्वास रोखून फोटो काढत राहिला. मी किती तळमळले, ते कुणाला सांगू?

संध्याकाळी त्यानं फोटो श्रीनिवासला पाठवला. "आयुष्यात एकदाच मिळतो असा फोटो मिळाला तुला!" श्रीनिवासचा फोन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाई शेतातून आल्या, त्या पदरात मेलेली मादी आणि पिल्लं घेऊनच. त्यांनी पदर बद्रीनाथसमोर उघडला.

"इचारत हुतास नव्हं, कोण खातंय म्हणून?"

तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. वच्छलाबाईंनी बांधावरचा दाणा न् दाणा वेचला, उरलेल्या बियाण्यासोबत खोल पुरला आणि मला दुहेरी टाका घातला. तो टाका आजही पक्का आहे. त्याचा आता काय उपयोग?

श्रीनिवासला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो कौतुकानं तोच फोटो मोठा करून, चौकट लावून घेऊन आला. बद्रीनाथ तो माळ्यावर टाकणार होता. "लाव भिंतीला," वच्छलाबाई म्हणाल्या. "रोज दिसू दे."

मित्रांनो, कमी खर्चातलं सामान खुशाल वापरा. माझ्यासारख्या पिशवीत वाळू भरा, नाहीतर साधे दाणे भरा. शिवण उसवली तर त्याच दिवशी टाका घाला. पण रानात ज्याच्यासाठी जाता, त्याच्या तोंडी आपलं काय लागेल, हे घरातून निघण्याआधी बघा.

पाहुणे विचारतात, "एवढ्या जवळ कशी काय आली हो ही?" बद्रीनाथ चहा टाकायला आत जातो. पाहुणे फोटो न्याहाळत राहतात. मादीच्या चोचीत एक गुलाबी दाणा आहे आणि पिल्लं चोची उघडून तिच्याकडे बघताहेत.